चाकांवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाची नव्हे. जो एका ठिकाणीं टिकत नाहीं, ज्याच्या घराला पाया नाहीं व शब्दाला जामीन नाहीं, अशा माणसाला ती लावण्याचा प्रघात आहे. घर म्हटलें कीं जोतें, उंबरा, ओसरी, परसांत तुळस आणि सातबाऱ्यावर नांव, ही आपली कल्पना. असें असतां ज्यांना जोतें, उंबरा व सातबारा हीं तिन्ही लाभलीं आहेत अशींच माणसें अलीकडे पदरचा पैसा खर्चून चाकांवर बिऱ्हाड थाटूं लागलीं आहेत, आणि त्यांत भूषण मानूं लागलीं आहेत. परदेशांत ही हौस शंभरांहून अधिक वर्षांची आहे. आपल्या राज्यांत २०२१ सालीं शासनानें कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तिला राजमान्यताहि मिळाली. या हौशीला आम्हीहि बळी पडलों, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. कारण पुढील विवेचनांत त्रयस्थाचा आव आणणें आम्हांस शोभणार नाहीं.

गोष्ट अशी झाली. पुण्याच्या बाजूस एका कुटुंबाच्या आवारांत, आंब्याखालीं, एक जुनी प्रवासी गाडी कित्येक वर्षें उभी होती. तिला स्वतःचें इंजिन नाहीं. मोटारीच्या मागें जोडून ओढावयाची, दोन चाकांची, चौदा फूट लांबीची. घरांतील आजोबांनीं आपल्या उमेदीच्या काळांत एका मिस्त्रीकडून ती बांधून घेतली होती. सांगाडा सागाचा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं ठोकलेले. आंत दोन बांकें, रात्रीं त्यांचींच अंथरुणें व्हावयाचीं. मध्यें घडीचें मेज, कोपऱ्यांत स्टोव्हसाठीं कोनाडा, आणि पाण्याच्या टांकीला पितळी तोटी. नातवंडांना ती अडगळ झाली होती. आम्हांस व आमच्या एका स्नेह्यास ती ठेवा वाटली. व्यवहार ठरला, आणि ज्या दिवशीं ती ओढून नाशकास आणली त्या दिवशींच आमचें शिक्षण सुरू झालें.

जुनी गाडी घेतांना डोळ्यांवर विसंबूं नये, नखाचा व नाकाचा उपयोग करावा, हा त्यांतला पहिला धडा. पत्र्याची चकाकी कोणासहि दिसते. परंतु कोपऱ्यांतल्या फळीवर नख दाबलें असतां तें आंत रुतलें, तर छतांतून पाणी झिरपून लांकूड कुजलें आहे असें समजावें. दार उघडतांच कुबट वास आला, तर किती पावसाळे ती उघड्यावर राहिली याचा हिशेब त्यांतच मिळतो. आमच्या गाडीच्या खालच्या लोखंडी साट्यास मध्यस्थानें नुकतेंच डांबर फांसलें होतें. तें पाहून निगा चांगली राखली आहे असें आम्हीं मानलें. खरवडून पाहिलें तेव्हां डांबराच्या आड गंजाचे पापुद्रे निघाले. खरेदीला जितके रुपये लागले त्याहून अधिक दुरुस्तीला लागले. पाटे बदलावे लागले, चाकांचे बेअरिंग बदलावे लागले, आणि रबर वरून धड दिसत असूनहि वयानें कडक झालें असल्यामुळें दोन्ही टायर टाकून द्यावे लागले. कागदपत्रांचा भाग निराळाच. ओढगाडीचीहि नोंदणी स्वतंत्र असावी लागते, ही गोष्ट पुष्कळ हौशी लोकांच्या गांवींहि नसते.

काम करणारा मिस्त्री वयस्क होता. एके दिवशीं आंसाला वंगण भरतां भरतां तो म्हणाला, “साहेब, ही बैलगाडीच आहे, बैल तेवढे नाहींत.” या एका वाक्यानें आमच्या मनांत जें विचारचक्र सुरू केलें, त्याचा परिणाम म्हणजे हा लेख. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. साटा, आंस, चाक, जूं आणि वंगण एवढ्या पांच शब्दांत दोन्ही गाड्यांचें वर्णन संपतें. जुवाच्या जागीं मोटारीची जोडकडी आली, लोखंडी धावेच्या जागीं रबर आलें, इतकाच फरक. तेव्हां जें आम्ही परदेशांतून आलेलें नवें वेड समजत होतों, त्याचा वंश आपल्या मातींत कोठवर पोंचतो हें पाहण्याची इच्छा झाली.

शब्दापासूनच आरंभ करूं. ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द आज इंग्रजी वेषांत आपल्या दारीं आला असला तरी त्याचें माहेर फारसी आहे. ‘कारवान’ म्हणजे वाळवंटांतून सोबतीनें जाणारा व्यापाऱ्यांचा किंवा यात्रेकरूंचा जथा. हा शब्द युरोपांत गेला. इंग्लंडांत पुढें त्याला झांकलेली मोठी गाडी असा अर्थ आला. त्याचें डोकें उडवून राहिलेल्या धडाचा ‘व्हॅन’ झाला. म्हणजे मूळ शब्द गाडीचा नव्हे, माणसांचा आहे. एकट्यानें, आपल्यापुरता, दार लावून केलेला प्रवास ही त्या शब्दाच्या अर्थांत फार उशिरां पडलेली भर आहे.

आपल्या देशांत फिरत्या घराचा सर्वांत मोठा थाट मोगल बादशहांनीं केला. अकबराच्या मुक्कामाचें वर्णन अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त दिलें आहे. डेऱ्यांचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामांत असतांना दुसरा पुढल्या मुक्कामावर उभा राहावयाचा. अशा एका मुक्कामाच्या वाहतुकीस १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत. याच ग्रंथांत बादशहाच्या कल्पकतेच्या कांहीं नवलाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत एक गाडी अशी कीं ती चालूं लागली म्हणजे तिच्यांतलें जातें आपोआप दळूं लागे. आणि दुसरी इतकी मोठी कीं तिच्यांत स्नानाच्या कित्येक खोल्या, आणि ती ओढावयास हत्ती. चाकांवर न्हाणीघर नेण्याचा मान ज्यांना पाश्चात्यांस द्यावयाचा असेल त्यांनीं हें वर्णन एकदां अवश्य वाचावें. पुढें याच वैभवाचें ओझें झालें. औरंगजेबाची शेवटचीं पंचवीस वर्षें दक्षिणेंत डेऱ्यांतच गेलीं, आणि १७०७ सालीं अहमदनगराजवळ तो मरण पावला तोहि छावणींतच. ज्याच्या मालकीचे इतके महाल, त्याला शेवटीं कापडाची भिंतच पुरली.

याच्या उलट शिवकालीन मराठी फौजेची रीत. लष्करांत बायको, बटीक, कलावंतीण कोणीं नेऊं नये असा महाराजांचा दंडक होता, असें सभासदाच्या बखरींत सांगितलें आहे. घर घरीं ठेवून लढावयास जावयाचें, हें त्या चपळाईचें रहस्य. पुढें राज्य विस्तारलें, मोहिमा लांबल्या, तसें घर हळूहळू फौजेच्या मागें येऊं लागलें. पानिपतावर १७६१ सालीं फौजेबरोबर बायकामुलें व यात्रेकरू किती होते आणि त्यांचें काय झालें, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें जीं पत्रें लिहिलीं, तीं १८१३ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत या चालत्या नगराचें चित्र आहे. सर्वांपुढें बिनीवाल्यानें जावयाचें, जागा हेरावयाची, महाराजांच्या डेऱ्याच्या जागीं पांढरें निशाण रोवावयाचें, मग निरनिराळ्या बाजारांचीं निशाणें ठरल्या क्रमानें लागावयाचीं. गांव रोज नवें, पण पेठा त्याच, शेजारी तेच. ‘बिनीवाले’ हें आडनांव आजहि आपल्यांत आहे. तें धारण करणाऱ्यांपैकीं किती जणांना आपल्या पूर्वजांच्या या नगररचनेची आठवण असेल, कोण जाणे.

ही फौज जगत असे ती लमाणांच्या जिवावर. तांड्याबरोबर बायकामुलें, तांड्याबरोबर संसार, आणि हजारों बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ. सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेंत भेटल्याचें लिहून ठेविलें आहे. १८०३ च्या दक्षिणेंतील मोहिमेंत वेलस्लीनेंहि याच तांड्यांवर भिस्त ठेविली होती. चाक मात्र त्यांच्या उपयोगी फारसें पडत नसे, कारण घाटांत चाकाला वाटच नव्हती. बोरघाटांतून चाकाची गाडी नेण्याजोगा रस्ता १८३० सालीं झाला. देशावरील गाडाहि त्या वेळीं ओबडधोबड व अतिशय जड असे. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड यानें टेंभुर्णी येथें सुधारलेल्या, हलक्या गाड्या बनविण्यास प्रारंभ केला, आणि आज जिला आपण ‘आपली जुनी बैलगाडी’ म्हणतों तिचें रूप घडत गेलें. जुनें म्हणून ज्याला आपण नमस्कार करतों तें पुष्कळदां आजोबांच्या आजोबांनाहि नवें असतें.

१८५३ नंतर आगगाडी आली, आणि तांड्यांचा धंदा बसला. धंदा बसला तरी चाल सुटेना. मग त्या चालीचाच गुन्हा झाला. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व पुढें त्याची व्याप्ति वाढवीत नेली. ज्या जमातींवर त्याचा शिक्का बसला, त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे, आणि सोलापुरासारख्या ठिकाणीं तारांच्या कुंपणाआड वसाहती करून त्यांना ठेवण्यांत आलें. हा कायदा जाऊन त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या त्या १९५२ सालीं, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर आणखी पांच वर्षांनीं.

आतां याच काळांत खुद्द इंग्लंडांत काय चाललें होतें तें पहावें. गॉर्डन स्टेबल्स नांवाचा एक स्कॉच गृहस्थ, आरमारांतला निवृत्त डॉक्टर व मुलांसाठीं गोष्टी लिहिणारा लेखक, यानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत एक गाडी खास हौसेसाठीं बांधवून घेतली. तिचें नांव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. सुमारें दोन टन वजन, ओढावयास दोन घोडे, आंत महोगनीचें काम, पुस्तकें, वाद्यें. ही गाडी घेऊन तो बर्कशायर परगण्यांतून थेट उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान, नोकर, एक कुत्रा आणि एक काकाकुवा. रस्ते अरुंद, म्हणून नोकर तीनचाकीवर बसून पुढें जावयाचा व समोरून येणाऱ्यांस इशारा द्यावयाचा. शिंद्यांच्या बिनीवाल्याची ही विलायती आवृत्तिच. या प्रवासाचें पुस्तक १८८६ सालीं निघालें, आणि १९०७ सालीं तेथें जो कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला त्याच्या उपाध्यक्षांत स्टेबल्स होता. हौसेखातर बांधलेली पहिली प्रवासी गाडी म्हणून ‘वाँडरर’ आजहि जपून ठेविलेली आहे.

या डॉक्टरानें स्वतःस ‘सद्गृहस्थ जिप्सी’ म्हणवून घेतलें. त्या एका विशेषणांत सारी मेख आहे. जिप्सी लोक आधींपासूनच तसल्याच गाड्यांतून राहत होते; गांवोगांवचे शिपाई त्यांना हुसकून लावीत होते. त्यांच्या गाडीला महोगनी लागली, मागें ‘सद्गृहस्थ’ हा शब्द लागला, आणि गुन्ह्याचा छंद झाला. सोलापुरास तारेचें कुंपण आणि इन्व्हर्नेसास आदरसत्कार, ही दोन्ही एकाच साम्राज्याचीं, थोड्याबहुत अंतरानें घडलेलीं कृत्यें आहेत.

अमेरिकेंत मोटार आल्यावर या गाडीनें घोडा सोडला. हॉली बौलस हा विमानें बांधणारा. लिंडबर्गच्या प्रसिद्ध विमानाच्या बांधणींत त्याचा हात होता. त्यानें १९३४ सालीं विमानासारखी, पातळ ॲल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली ओढगाडी काढली. तोच धागा धरून वॉली बायम यानें १९३६ सालीं ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारांत आणली; तिच्यांत चौघांची निजण्याची सोय, पाण्याचा सांठा व विजेचे दिवे होते. परंतु ते दिवस मंदीचे होते. जे सुट्टीसाठीं ओढगाडी घेत त्यांच्या शेजारींच, घर गेलें म्हणून ओढगाडींत राहणारीं कुटुंबें असत. मग महायुद्ध आलें, ॲल्युमिनियम विमानांकडे गेलें, आणि कारखान्यांतील मजुरांना राहावयास घरें नव्हतीं म्हणून ओढगाड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बायमनें युद्धानंतर गाड्यांचे तांडे घेऊन देशोदेशीं फिरण्याची प्रथा पाडली. १९५९ सालीं केप टाउनहून कैरोपर्यंत एक तांडा गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९६३-६४ सालीं, दुसरा सिंगापूरहून निघून लिस्बनला पोंचला. एकट्याच्या गाडीला पुन्हां ‘कारवाना’ची, जथ्याची, आठवण झाली हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आपल्याकडे हौशीची गाडी आली नाहीं, पण पोटाची गाडी कधीं थांबली नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, आणि चित्रपट लवकरच तंबूंत शिरून जत्रेजत्रेला जाऊं लागला. जुन्या मालमोटारींत यंत्र बसवून, तिच्या पाठीमागूनच पडद्यावर झोत टाकणारे फिरते सिनेमावाले आपल्या पिढीनेंहि पाहिले आहेत. हंगामभर त्यांचें घर म्हणजे ती मोटार. तमाशाच्या फडांचें तेंच. गुढी पाडव्याच्या सुमारास नारायणगांवीं फडांच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात, आणि मग मालमोटारींवर पेट्या, ढोलकी, चुली व पाळण्यांतलीं पोरें चढवून फड वाटेला लागतो. ऊंसतोड्यांच्या टोळ्या रबरी चाकांच्या गाड्यांवर संसार बांधून दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, व पाचटाच्या कोपींत सहा महिने काढतात. यांच्या वाहनांना ‘जुनी व दुर्मिळ’ म्हणून कोणी विकत घेत नाहीं. तीं जुनीं आहेत, पण दुर्मिळ नाहींत.

आतां हरसुलाची हकीगत सांगून हा लांबलेला विषय आटोपतों. गाडी चालण्याजोगी झाली तेव्हां पहिला मुक्काम कोठें करावा याचा आम्हीं फार विचार केला नाहीं. नाशकाहून गिरणारें, वाघेऱ्याचा घाट, आणि पुढें हरसूल, ही वाट जवळची. हा मुलूख पूर्वींच्या पेठ संस्थानाचा. १८५७ सालीं येथील कोळ्यांनीं व इतर डोंगरी लोकांनीं उठाव केला, आणि पेठचे भगवंतराव राजे यांस इंग्रजांनीं फांसावर चढविलें. आतां हें गांव त्र्यंबकेश्वर तालुक्यांत मोडतें. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली व महादेव कोळी लोकांची; पिकें भात, नागली, वरई; पाऊस अपरंपार. येथून एक वाट जव्हार-मोखाड्याकडे व दुसरी गुजरातच्या हद्दीकडे जाते. पाऊस सरून दिवाळी जवळ आली होती. उतारांवर खुरासणीचीं पिवळीं फुलें अजून शिल्लक होतीं. घाटांत आमच्या मोटारीचा श्वास कोंडला, पण गाडी मागून निमूटपणें आली.

गांवाजवळ एका मोकळ्या जागेंत गाडी मागें सरकवून लावावयाची होती. ज्यानें ओढगाडी मागें हटविली नाहीं त्याला या कामांतील दुःख कळावयाचें नाहीं. सुकाणूं उजवीकडे फिरवावें तों गाडी डावीकडे वळते, आणि घाबरून उलट फिरवावें तों दोन्ही वाहनें चाकूसारखीं मिटतात. आमचे चार प्रयत्न फसले. पहात उभ्या असलेल्यांपैकीं एक पोरसवदा तरुण हंसत पुढें आला, मोटारींत बसला, आणि एका दमांत गाडी सरळ लावून खालीं उतरला. तो ट्रॅक्टर-ट्रॉली चालवीत असे. आम्हीं महिनेनुमहिने ज्या कलेचीं पुस्तकें वाचलीं ती त्याला रोजच्या रोजगारानें आली होती.

संध्याकाळीं दाराचा वरचा अर्धा भाग उघडून, स्टोव्हवर चहाचें आधण ठेवून आम्ही बसलों. जुन्या गाडीचें सुख काय, असें कोणीं विचारलें तर तें या घटकेंत आहे असें आम्ही सांगूं. बाहेर दंव पडूं लागतें, पत्रा हळूहळू गार होतो, सागाच्या लांकडाला उबेचा वास येतो. आणि हातांच्या अंतरावर अंथरूण, दिवा, पुस्तक व पाणी हीं सर्व असल्यामुळें माणसाच्या गरजा किती थोड्या आहेत याचा एकदम उमज पडतो. मोठ्या घरांत हा उमज पडत नाहीं, कारण तेथें गरजा खोल्यांच्या हिशेबानें वाढतात.

इतक्यांत एक वृद्ध बाई, नातवाला कडेवर घेऊन, गाडी पाहावयास आली. तिनें आंत डोकावून भांडीं, अंथरुणें, तोटी, सारें नीट पाहिलें, आणि विचारलें, “एवढं घर संगं आणलंत, मग गांवच्या घरीं कोण हाय?”

आम्ही म्हणालों, “कोणी नाहीं, आजी. कुलूप आहे.”

ती हंसली. “आमच्याबी घराला उद्यापासून कुलूपच,” असें म्हणून ती निघून गेली.

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीं पहांटे समजला. आमच्या समोरच एक पिकअप मोटार उभी राहिली, आणि तिच्यांत वीस-पंचवीस माणसें चढूं लागलीं. पातेलीं, तवा, नागलीच्या पिठाचें पोतें, गोधड्यांचे गठ्ठे, एका टोपलींत दोन कोंबड्या, आणि आजीच्या कडेवरचा तो नातू. द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली होती. हरसूल, पेठ, सुरगाणा या भागांतून भातनागलीचें काम उरकतांच कुटुंबांचीं कुटुंबें दिंडोरी-निफाडच्या बागांत जातात. छाटणी, विरळणी, मग काढणी, असा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. गिरणाऱ्यास मजुरांचा बाजारच भरतो. ज्या रस्त्यानें आम्ही हौसेनें वर आलों त्याच रस्त्यानें हे लोक पोटासाठीं खालीं जातात. कोणाचा मुक्काम बागेच्या बांधावर पालांत, कोणाचा पत्र्याच्या खोलींत. पाणी जेथून मिळेल तेथून आणावयाचें, आडोसा मिळेल तेथें बायकांनीं न्हाणें करावयाचें, आणि मुलांची शाळा हरसुलाकडे राहावयाची.

त्या पिकअपकडे पाहतांना आम्हांस आमच्या गाडीची लाज वाटली, असें लिहिलें तर वाक्य शोभेल, पण तें पुरतें खरें होणार नाहीं. गाडीवर आमचा जीव आहे, आणि अर्धवट कुजलेलें एखादें जुनें यंत्र पुन्हां उभें करण्याचा आनंद कांहीं अपराध नव्हे. लाज वाटली ती आमच्या हिशेबाची. कॅरॅव्हॅन-पर्यटनाच्या धोरणांत गाड्यांच्या मुक्कामासाठीं वाहनतळ, पाणी, वीज, स्वच्छतागृह अशा सोयींचा विचार आहे. तो योग्यच आहे. चाकांवर बिऱ्हाड करणाऱ्याला रात्रीच्या मुक्कामीं पाणी, उजेड व आडोसा लागतो, हें तत्त्व एकदां शासनानें मान्य केलें आहे. आतां प्रश्न एवढाच कीं तें तत्त्व वर्षांतून आठ दिवस बिऱ्हाड हलविणाऱ्यासाठीं आधीं लागू करावयाचें, कीं सहा महिने हलविणाऱ्यासाठीं. अकबराच्या डेऱ्यापासून आमच्या तोटीपर्यंतचा हा सारा इतिहास पाहिला तर उत्तर आजवर एकाच बाजूनें दिलें गेलें आहे: ज्याला परत जावयास वाडा आहे त्याच्या भटकण्याला थाट, आणि ज्याला नाहीं त्याच्या भटकण्याला हजेरी.

हें उत्तर बदलणें अशक्य कोटींतलें नाहीं. बागायतदारांच्या गांवीं हंगामापुरतें मजुरांचें तळ, तेथें नळ, दिवा, दोन न्हाण्या, आणि मुलांसाठीं एक मास्तर, एवढी ही मागणी आहे. कॅरॅव्हॅनच्या वाहनतळाहून ती महाग पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पिकअप निघून गेली. आम्हीं गाडीचें दार लावलें, जोडकडी अडकविली, आणि दुपारपर्यंत वाघेऱ्याचा घाट उतरलों. गिरणाऱ्याच्या अलीकडे उजव्या चाकाचा बेअरिंग तापूं लागला, म्हणून रस्त्याच्या कडेला थांबून वंगण भरावें लागलें. तें भरीत असतां शेजारून आणखी एक पिकअप गेली. तिच्यांतल्या एका मुलानें आमच्या चकाकणाऱ्या गाडीकडे पाहून हात हलविला, आणि आम्हीं वंगणानें भरलेला हात वर केला.